फरशीवाल्याची यूट

‘ताई, मी मूळचा मिरजेचा, आता मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीटला राहतो. नऊ वर्षं बाथरूमच्या टाईल्स बसवतोय, त्यातली शेवटची चार स्वतःच्या नावावर. माझी टोयोटाची २००८ ची हायलक्स यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, ३ लाख ४० हजार किलोमीटर पळाली आहे आणि आता कुरकुरायला लागली आहे. नव्या हायलक्सचे सगळे मिळून ६६ हजार डॉलर सांगितले. चिनी डिझेल यूट ४४ हजारांत दारात उभी राहते. ज्यांच्याकडे चिनी यूट आहे अशांना विचारलं, तर एक म्हणतो आयुष्यातली सगळ्यात चांगली खरेदी, दुसरा म्हणतो फुकट दिली तरी घेऊ नकोस. सासरे मिरजेहून फोनवर सांगतात की चायना माल म्हणजे दिवाळीची माळ, पुढच्या दिवाळीला अर्धे दिवे बंद. एक मित्र प्लग-इन हायब्रिडच (घरी चार्ज होणारी, पण पेट्रोलवरही चालणारी) घे म्हणून मागे लागलाय. खर्च वजा जाता दिवसाला ५०० डॉलर सुटतात. दोन मुलं आहेत, घराचा हप्ता आहे. काय करू?’
— टारनीटकर

प्रिय टारनीटकर,

तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचा आकडा ४४ किंवा ६६ हजारांचा नाही, दिवसाच्या ५०० चा आहे. त्याच्याकडे येते. पण आधी त्या दोन चिनी यूटवाल्यांचं बघू. मला वाटतं दोघंही खरंच बोलताहेत, फक्त वेगवेगळ्या दिवशीचं खरं.

पहिल्याला एकच विचारा: गाडी किती महिन्यांची आणि किती किलोमीटर? सात-आठ महिने आणि १२ हजार किलोमीटर म्हणाला, तर त्याचं कौतुक ऐकून घ्या, चहा प्या आणि घरी या. नव्याचे नऊ दिवस. मोठा स्क्रीन, गरम होणाऱ्या सीट, चारी बाजूंचे कॅमेरे, आणि खिशात उरलेले वीस हजार. एवढं मिळाल्यावर कोण नाव ठेवील? दुसऱ्याला विचारा की गाडी बंद पडली तेव्हा तो नक्की कशावर चिडला, गाडीवर की वर्कशॉपवर. बहुतेक वेळा राग बिघाडाचा नसतो, ‘पार्ट मागवलाय, कळवतो’ या वाक्याचा असतो. आणि हायलक्स, फोर्डच्या रेंजरवाल्यांचंही असंच जपून ऐका. ज्याने ६६ हजार मोजलेत तो ४४ हजारांची गाडी चांगली आहे असं कशाला म्हणेल? म्हटलं तर रात्री झोप यायची नाही.

मी माणसं शोधते ती तिसरी. ज्याचे ८० हजार किलोमीटर पुरे झालेत तो. ज्याने गाडी विकली तो, कारण विकताना मिळालेला भाव खोटं बोलत नाही. आणि सगळ्यात भरवशाचा म्हणजे रस्त्यावर येऊन दुरुस्ती करणारा मेकॅनिक. त्याला कुठल्याच कंपनीची बाजू घ्यायची नसते आणि सगळ्याच गाड्यांची पोटं त्याने आतून पाहिलेली असतात. त्यांना ‘कशी आहे?’ विचारू नका. ‘शेवटची कधी उभी राहिली, आणि किती दिवस?’ एवढंच विचारा.

आमची जिलाँगजवळ छोटी नर्सरी आहे, तीन यूट आहेत. त्यातली एक स्वस्तातली. तिचा मागचा दिवा गेटला घासून फुटला, बाकी ओरखडासुद्धा नाही. दिवा यायला पाच आठवडे लागले. तोपर्यंत मी लाल पारदर्शक टेप लावून ती फक्त आवारात फिरवत होते. रस्त्यावर नेली असती तर पोलिसांनी पकडलीच असती. आता दुसरी बाजू. आमचीच नामांकित कंपनीची यूट, भरपूर पैसे मोजून घेतलेली, डिझेलच्या धुराच्या फिल्टरपायी वर्षात तीनदा वर्कशॉपला गेली, आणि तिन्ही वेळा काउंटरवरच्या माणसाने हसून सांगितलं की दोष तुमच्या चालवण्यात आहे. तेव्हा कुठल्या एका बाजूचं तोरण बांधून मी बसलेली नाही.

सासऱ्यांच्या माळेचं म्हणाल, तर एकेकाळी त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ग्रेट वॉल या चिनी कंपनीची व्ही-२४० ही यूट २००९ मध्ये इथे आली तेव्हा अपघात-चाचणी करणाऱ्या अ‍ॅन्कॅपने तिला पाचपैकी दोनच तारे दिले होते. २०१२ मध्ये तर ग्रेट वॉल आणि चेरी या दोन चिनी कंपन्यांच्या २३ हजारांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण त्यांच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सापडलं. या देशात त्याच्यावर २००३ च्या अखेरीपासून बंदी आहे. पण त्याच कंपनीच्या पुढच्या यूटला २०२१ मध्ये पाच तारे मिळाले. एलडीव्ही या दुसऱ्या चिनी कंपनीच्या टी-६० ला त्याआधीच २०१७ मध्ये मिळाले होते. माळ बदलली आहे. ती दहा दिवाळ्या टिकते का, ते मात्र कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, कारण आजची मॉडेलं दहा वर्षांची झालेलीच नाहीत. तुमची हायलक्स सतराव्या वर्षानंतरही फक्त ‘कुरकुरते’, आणि टोयोटाचे ते वरचे वीस हजार लोक याच एका शब्दासाठी मोजतात.

देशाभिमानाचा मुद्दा कोणी काढला तर सांगा की हायलक्स आणि रेंजर दोन्ही थायलंडहून येतात. यूट ही चीज जन्माला घातली ती ऑस्ट्रेलियाने. गिप्सलँडच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं होतं, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी बनवा. त्यावरून लुईस बँड्ट या तरुण डिझायनरने जिलाँगला १९३४ मध्ये ती बनवली. म्हणजे सगळ्याची सुरुवात एका गृहिणीच्या पत्राने झाली, मला हे सांगायला नेहमी आवडतं. पण २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये टोयोटा आणि होल्डनचे इथले कारखाने बंद झाले, फोर्डचा आदल्याच वर्षी झाला होता. आता सगळ्याच जहाजाने येतात. आणि सासऱ्यांना खूश करायचं असेल तर महिंद्राची पिक-अपही इथे मिळते, आपल्या स्कॉर्पिओची सख्खी बहीण. टाटांची झेनॉनसुद्धा २०१३ मध्ये आली होती, थोड्याच वर्षांत गाशा गुंडाळून गेली. ज्यांनी घेतली होती ते पार्टसाठी कोणाच्या तोंडाकडे बघत असतील? चिनी कंपन्यांची तर सध्या इतकी गर्दी झाली आहे की त्यातल्या सगळ्याच टिकतील असं समजणं भाबडेपणाचं होईल. म्हणून अगदी परवा आलेलं नाव घेऊ नका.

आता तुमचे ५०० डॉलर.

दोन गाड्यांत फरक २२ हजारांचा. पाच वर्षांनी विकताना हायलक्सला जास्त किंमत येणार, हे उघड आहे. ती १२ हजारांनी जास्त येईल असं आपण धरून चालू. राहिले १० हजार. भागिले ५००, म्हणजे २० दिवस. याचा अर्थ पाच वर्षांत स्वस्त गाडी हायलक्सपेक्षा वीस कामाचे दिवस जास्त उभी राहिली, की तुमची सगळी बचत संपली. वर्षाला चार दिवस. ऐकायला भरपूर वाटतात. पण आमचा तो मागचा दिवा आठवा: पाच आठवडे म्हणजे २५ दिवस. एका दिव्यात हिशोब उलटा. उलट काहीच झालं नाही, आणि हेही सहज शक्य आहे, तर १० हजार तुमचे, शिवाय २२ हजार कमी कर्जावरचं पाच वर्षांचं व्याजही तुमचंच. हप्ता भरणाऱ्या माणसाला ते लहान नाही.

म्हणून माझं मत असं, की तुमच्यासारख्याने स्वस्त यूट घ्यायला हरकत नाही, पण एका अटीवर: जुनी हायलक्स विकायची नाही. डीलर ती बदल्यात घेऊन चार-पाच हजार देतो म्हणेल आणि तुम्हाला मोह होईल. देऊ नका. घराच्या बाजूला उभी करा. व्हिक्टोरियात रेगो, म्हणजे गाडीची नोंदणी, तीन महिन्यांचीही भरता येते, विमा साधा थर्ड पार्टी पुरतो. नवी यूट वर्कशॉपला गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जुनीला चावी लावायची. कुरकुरली तरी ती निघेल, ३ लाख ४० हजार किलोमीटर निघालीच आहे की. दिवसाचे ५०० बुडण्याची भीतीच काढून टाकली तर माझ्या वरच्या हिशोबातला चिनी गाडीविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा गळून पडतो. ड्राइव्ह-वेत जागाच नसेल तर मात्र माझं मत बदलेल. मग मी इसुझू डी-मॅक्स किंवा मित्सुबिशी ट्रायटनकडे बघेन, दोन्ही मधल्या भावाच्या आणि दोन्ही कष्टाळू.

मित्राच्या प्लग-इन हायब्रिडचं काय? तो बहुतेक बीवायडी या चिनी कंपनीच्या शार्क ६ बद्दल बोलत असावा, सध्या प्रत्येक बार्बेक्यूला तीच चर्चा असते. चालवायला मजा आहे, खोटं कशाला बोलू. घरी सोलर असेल आणि रोजची धाव साठ-सत्तर किलोमीटर असेल तर पंपावर जाणं जवळजवळ थांबतं. मागच्या हौद्यात पॉवर पॉइंट आहेत, तुमचं टाईल कापायचं मशीन त्यावर चालेल. पण ती जाहीर झाली ५७,९०० डॉलरला, रस्त्यावर आणायचा खर्च वेगळा. म्हणजे तुमची बचतच गेली. आणि तिच्यावर लादता येतं ७९० किलो.

७९० किलो म्हणजे किती, ते फरशीवाल्याने तरी कागदावर मांडून बघावं. पोर्सेलिनची दहा मिलिमीटरची टाईल चौरस मीटरला साधारण २२ किलो भरते. एका बाथरूमच्या भिंती आणि जमीन धरून २५ चौरस मीटर, झाले ५५० किलो. चिकटवायच्या मालाच्या २० किलोच्या आठ गोण्या, १६०. तुम्ही आणि तुमचा मदतनीस, १६०, कारण इथे लादायच्या वजनात माणसंही मोजतात, ड्रायव्हरसुद्धा. वर कॅनपी (हौद्यावरचं झाकण), ड्रॉवर, मशीन, बादल्या मिळून २०० धरा. एकूण १,०७०. बघा, एक टनाची यूटसुद्धा बसली. तुम्ही आजवर हे सगळं एका खेपेत नेत असाल तर कशात नेत होता, हे मी विचारत नाही. पण विमा कंपनी अपघातानंतर नक्की विचारेल.

तेव्हा टाईल्स दुकानदाराकडून थेट साइटवर टाकून घ्या किंवा ब्रेकवाला ट्रेलर ठेवा. ७५० किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक लागतातच. ट्रेलरचा साधारण दहावा हिस्सा भार यूटच्या हुकवर येतो आणि तोही लादलेल्या वजनातच धरायचा, हे विसरू नका. जाहिरातीतल्या ३,५०० किलो ओढण्याच्या गर्जनेला भुलू नका. तुम्हाला कारव्हान ओढायची नाहीये. तुमच्या कामाला दोन हजार ओढणारी गाडीही पुरून उरते, म्हणून चिनी यूट इथे थोडी कमी भरली तरी तुमचं काही अडत नाही. लादण्याच्या आकड्यात मात्र अडतं. तो आकडा मॉडेलनुसार बदलतो. वरचं, नटवलेलं मॉडेल घेतलंत की गाडीच जड होते आणि माल कमी बसतो. कामाच्या माणसाने खालचं मॉडेल घ्यावं. गरम सीटवर ग्राउटचे हात पुसून काय मिळणार?

डिझेल घेताय म्हणून त्या फिल्टरविषयी दोन शब्द, कारण टारनीटहून ट्रुगनिना किंवा विंडहॅम व्हेल म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची धाव, आणि नवीन डिझेलला हीच धाव सोसत नाही. धुराची काजळी त्या फिल्टरमध्ये अडकते आणि गाडी तापून वेगात चालली तरच जळते. रोज दहा मिनिटं पळवून बंद केली की काजळी साचत जाते, मग डॅशवर पिवळा दिवा, मग पळायची ताकद कमी, मग टो-ट्रक. तुमच्या २००८ च्या गाडीला ही भानगड नव्हती, म्हणून सवय नसेल. आठवड्यातून एकदा प्रिन्सेस फ्रीवेने जिलाँगच्या बाजूला अर्धा तास जाऊन या, मुलांना आइस्क्रीम होईल. हायलक्स घेतली तरी हेच करायचं. १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या काळात विकलेल्या टोयोटाच्या अडीच लाखांहून जास्त डिझेल गाड्यांच्या याच फिल्टरवरून इथे सामूहिक दावा झाला. २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने या दोषामुळे गाडीची किंमत १७.५ टक्क्यांनी कमी ठरते असं म्हटलं, अपिलात तो आकडा १० झाला आणि २०२४ च्या नोव्हेंबरात प्रकरण हायकोर्टापर्यंत (इथलं सर्वोच्च न्यायालय) जाऊन पुन्हा खाली आलं. म्हणूनच ४४ हजारांत त्या काळातली जुनी हायलक्स घ्यायचा विचार डोक्यात असेल, तर फिल्टर बदलल्याची किंवा दुरुस्त केल्याची पावती बघितल्याशिवाय हात लावू नका. दोन डॉलरमध्ये पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत शोध होतो, गाडीवर कोणाचं कर्ज नाही ना ते कळतं. तेवढंही न करणारे लोक आहेत.

वॉरंटीचं गाजर मोठं आहे. जीडब्ल्यूएम (म्हणजे ग्रेट वॉलच) आणि जॅक या चिनी कंपन्या सात वर्षं देतात, टोयोटा आणि फोर्ड पाच, ट्रायटन कंपनीतच सर्व्हिस केली तर दहा. पण धंद्यासाठी वापरली तर अट बदलते का, ते लेखी विचारा; दुकानातला माणूस मान हलवेल, मान हलवणं म्हणजे कागद नव्हे. आणि हे ध्यानात असू द्या की इथला ग्राहक कायदा वॉरंटीच्या वर आहे. वॉरंटी संपली म्हणून हात झटकता येत नाहीत, आणि बाहेरच्या मेकॅनिककडे नीट सर्व्हिस केली एवढ्यावरून ती रद्दही करता येत नाही. काउंटरवर आवाज न चढवता त्या कायद्यातले ‘मेजर फेल्युअर’ (मोठा दोष) हे दोन शब्द उच्चारून बघा. आमच्या त्या तिसऱ्या वर्कशॉप-फेरीत मला तेच करावं लागलं, आणि मॅनेजर आतून आला.

चिनी यूट चालवणाऱ्यांची सगळ्यात सामायिक तक्रार इंजिनाची नाहीच, पिंगपिंगीची आहे. तुम्ही आरशात ट्रेलर बघायला मान वळवली की पिंग. जांभई दिली की पिंग. शाळेजवळच्या ४० च्या पाटीवर रविवारीसुद्धा पिंग. लेन सोडली असं तिला वाटलं की स्टिअरिंग हातातून ओढते. ही सगळी बटणं प्रत्येक वेळी गाडी चालू केल्यावर बंद करावी लागतात का, स्क्रीनच्या किती आत शिरून, ते शोरूममध्ये तुमच्या स्वतःच्या बोटाने करून बघा. सेल्समनला करू देऊ नका, त्याचा हात बसलेला असतो. काही कंपन्या सॉफ्टवेअर सुधारत आल्या आहेत, आणि इथल्या खडबडीत रस्त्यांसाठी सस्पेन्शनही इथेच जुळवून घ्यायला लागल्या आहेत. रिकाम्या यूटचा मागचा भाग उड्या मारतो, ते सगळ्यांचंच आहे. म्हणून टेस्ट ड्राइव्हला स्वतःच्या दहा-पंधरा गोण्या घेऊन जा आणि मागे टाका. नको म्हणाले तर दुसरं शोरूम.

कोणती चिनी, हे मी नाव घेऊन सांगत नाही. तुमच्या घरापासून अर्ध्या तासात जिचं वर्कशॉप आहे आणि जी या देशात निदान चार-पाच वर्षं विकली जातेय, ती. जूनमध्ये आर्थिक वर्ष संपताना भाव उतरतात, तेव्हा बनवल्याची तारीख विचारा. आदल्या वर्षीची निघाली तर आणखी कमी करून मागा. विम्याचे भाव सही करण्याआधी घ्या, नंतर नव्हे. किती रक्कम खर्चात दाखवता येईल ते अकाउंटंटला विचारा, बार्बेक्यूतल्या मित्राला नको.

आणि सोमवारी सकाळी एक काम करा. दोन्ही कंपन्यांच्या पार्ट्स काउंटरला फोन लावा. शोरूमला नाही, पार्ट्सला. मागचा डावा दिवा, ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा, पुढची काच आणि डिझेलचा फिल्टर: चारही वस्तू मेलबर्नमध्ये आहेत का, नसल्या तर किती दिवस, आणि भाव काय. दोन्हीकडची उत्तरं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. चिनी गाडीच्या रकान्यात ‘आठवडा’ हा शब्द दोनदा आला तर मला फोटो पाठवा, मी माझं मत पुन्हा तपासेन.

तुमची,
जिलाँगची ताई